उमेदवार मंदाताई धुमाळ

मंदाताई धुमाळ एकही निवडणूक जिंकल्या नाहीत. जिंकण्याच्या जवळपासही कधी आल्या नाहीत. आमच्या वॉर्डात त्या इतक्यांदा उभ्या राहिल्या की पोस्टमन, केमिस्ट, ट्रॅम-स्टॉपसमोरच्या बेकरीतली बाई, सगळे त्यांना नावानं ओळखत, आणि ओळखणाऱ्यांपैकी बहुतेक जण मत दुसऱ्याला देत. याचं त्यांना वाईट वाटायचं, पण शनिवारपर्यंतच. मतदान गुरुवारी, मोजणी शुक्रवारी, आणि शनिवारी सकाळी त्या पिशवी घेऊन भाजीला बाहेर पडत. वाटेत कुणी "बॅड लक, मंदा" म्हणालं की थांबून त्याच्या घराच्या भिंतींतल्या ओलीची चौकशी करत.

आमचं टाउन मँचेस्टरच्या कडेला आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यातली बरीच माणसं अजून तिथंच राहतात.

मी नागपूरहून नोकरीच्या व्हिसावर आले तेव्हाची गोष्ट. भाड्याचं टेरेस हाउस, म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या रांगेतलं एक घर, दारावर दिवाळीचं तोरण तसंच राहिलेलं. एका दुपारी बेल वाजली. दारात एक बुटकी बाई उभी. पांढरे आखूड केस, पुरुषी मापाचा रेनकोट, पायात ट्रेनर्स, खांद्यावर कापडी पिशवी आणि हातात चक्क लाकडी उलथनं. मला वाटलं, शेजारच्या स्वयंपाकघरातून काहीतरी मागायला आल्यात.

"तोरण बघून थांबले," त्या म्हणाल्या. "महाराष्ट्रातली काय?"

"हो, नागपूर."

"मी इचलकरंजीची. मतदार यादीत नाव घातलंस?"

मी सांगितलं, आम्ही व्हिसावर आहोत, आम्हाला कुठलं मत.

"व्हिसावर असलीस म्हणून काय झालं? कॉमनवेल्थची आहेस की! तुला कौन्सिलला मत आहे, पार्लमेंटलाही आहे. घाल नाव."

माझा विश्वास बसला नाही. संध्याकाळी नवऱ्यानं कौन्सिलच्या वेबसाइटवर पाहिलं, तर बाईंचं म्हणणं खरं होतं. दुसऱ्या दिवशी मी नाव घातलं. पुढच्या निवडणुकीत त्यांच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून माझीच सही होती. ती त्यांनी माझ्याकडून कशी घेतली हे मला आजही नीट आठवत नाही. त्यांच्या कामाची पद्धतच तशी होती.

उलथन्याचा खुलासा मात्र लवकर झाला. इथल्या दारांना पत्र टाकायची फट असते, तिला आतून ब्रश लावलेला असतो, आणि ब्रशच्या पलीकडे कधी कधी कुत्रा असतो. हातानं पत्रक आत ढकललं तर बोटं जायची भीती. मंदाताई पत्रक उलथन्यावर ठेवून आत सरकवत. उलथन्याच्या टोकाला दातांच्या खुणा होत्या. "ह्या तेवीस नंबरच्या," त्या कौतुकानं दाखवत. "मालक मत देत नाही, पण कुत्रा फार प्रामाणिक आहे."

दार उघडलं तर त्या "मला मत द्या" असं कधीच म्हणत नसत. पहिला प्रश्न, "घरात ओल आहे का?" या देशात हा प्रश्न बहुतेक घरी लागू पडतो. मग लोक त्यांना आत नेत, भिंत दाखवत. त्या भिंतीला तळवा लावून बघत, खिडकी उघडून बघत, घरमालक कोण ते विचारत. निघताना पक्षाचं नाव सांगत, आणि ते ऐकून लोकांचा चेहरा जरा पडे. पक्ष छोटा होता. समाजवादी. आमच्या भागातल्या त्याच्या सभेला आलेले सगळे एका टॅक्सीत मावले असते.

त्यांचे दोषही सांगायला हवेत. सभेत त्या दुसऱ्याला बोलू देत नसत. फोनवर "हॅलो" म्हणायच्या आधीच मुद्द्यावर येत. त्यांच्या हातच्या आमटीला चव नसे, आणि ती आपल्याला आवडते असं समजून त्या दुसऱ्यांदा वाढत. आणि इथं अर्धं आयुष्य काढूनही त्यांची इंग्रजी अमेरिकनच राहिली. फूटपाथला त्या सायडवॉक म्हणत, कार पार्कला पार्किंग लॉट.

कारण त्यांचं राजकारण अमेरिकेत सुरू झालं. नवरा तिथल्या एका पोलाद-कारखान्याच्या गावात इंजिनियर होता, त्या स्वतः हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. कारखाना बंद पडला तेव्हा गावात एक छोटा समाजवादी पक्ष तेवढा कामगारांच्या घरी जाऊन विचारपूस करत होता. मंदाताई त्यात ओढल्या गेल्या. आम्ही पत्रकं दुमडत बसलो की त्या मला तिथल्या निवडणुका सांगत. माझे वडील क्रिकेटचे जुने सामने सांगत तसंच. कुठल्या खेपेला कुठल्या राज्यात मतपत्रिकेवर पक्षाचं नाव आलं, कुठल्या खेपेला कापलं गेलं, कोण कुठं पडलं.

"पडणं राहू दे गं," त्या म्हणत. "तिथं आधी उभं राहणंच अवघड. मोठ्या पक्षांचं नाव आपसूक छापलं जातं. आपल्यासारख्यांनी आधी ढीगभर सह्या आणायच्या."

सह्या घेणारा स्वतः मतदार असावा असा त्या राज्याचा नियम होता. मंदाताईंकडे ग्रीन कार्ड होतं, नागरिकत्व नव्हतं. म्हणून सह्या शेजारची एक म्हातारी घेई, आणि मंदाताई सुपरमार्केटच्या पार्किंग लॉटमध्ये उभं राहून लोकांना थांबवत. त्यांची लहानगी मुलगी रोहिणी ट्रॉलीत बसलेली. असा अख्खा उन्हाळा गेला. मग निवडणूक कार्यालयानं निम्म्याहून अधिक सह्या बाद केल्या. कुणी पत्त्यात 'स्ट्रीट' लिहिलं होतं आणि नोंद 'अव्हेन्यू' होती, कुणाची सही जुन्या सहीशी जुळत नव्हती. नाव छापलं गेलं नाही.

"मग?"

"मग काय. मतपत्रिकेवर खाली एक कोरी ओळ असायची, तिथं हातानं नाव लिहा म्हणून सांगत हिंडलो. लोकांनी लिहिलंही. पण ती मतं त्यांनी वेगळी मोजलीच नाहीत. 'इतर' म्हणून एकाच आकड्यात घातली. आम्ही आणि कुणीतरी मिकी माउस लिहिलेलं, सगळं एकत्र."

"एकदाही जिंकला नाहीत तुम्ही?"

"जिंकलो की! शेजारच्या गावात आमची एक बाई स्कूल बोर्डावर निवडून आली." मग जरा थांबून, "त्या निवडणुकीत पक्षाचं नाव छापत नाहीत. लोकांना माहीतच नव्हतं."

पुढे नवरा तिकडेच राहिला आणि मंदाताई मुलीला घेऊन मँचेस्टरला आल्या, लॅबच्या नोकरीवर. यावर त्या एवढं एकच वाक्य बोलत, आणि मीही कधी जास्त विचारलं नाही.

इथल्या मोजणीचं मात्र त्यांना अपार कौतुक. स्पोर्ट्स सेंटरच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली असतात, उमेदवारांच्या डोळ्यांदेखत पेट्या उलट्या करतात, आणि शेवटी स्टेजवर सगळ्यांना उभं करून एकेकाचं नाव आणि मतं जाहीर करतात. "कितीही कमी असू देत, तुझं नाव घेऊन सांगतात," त्या म्हणत. निकालानंतर कुणी "हरलात" म्हणालं की त्या दुरुस्त करत, "हरलो नाही. मोजले गेलो."

एका मोजणीला मी त्यांच्याबरोबर होते. शंकास्पद मतपत्रिका बाजूला काढून सगळ्यांना दाखवतात. त्यात एक अशी निघाली की तिच्यावर फुली कुठंच नव्हती, पण मंदाताईंच्या चौकोनात कुणीतरी पेननं फूल काढलं होतं. पाच पाकळ्या, देठ, एक पान. मोठ्या पक्षाचा एजंट म्हणाला, बाद करा. अधिकाऱ्यानं नियम पाहिला, मतदाराचा हेतू स्पष्ट आहे म्हणाला, आणि मत धरलं. त्या दिवशी एकूण किती मतं पडली हे मंदाताईंच्या तोंडी पुन्हा आलंच नाही. आठवडाभर एकच, "कुणी काढलं असेल गं?"

त्यांची मुलगी रोहिणी लंडनच्या कडेला स्टॅनमोरला राहते, अकाउंटंट आहे. तिच्या पहिल्या बाळाच्या वेळची गोष्ट मला तिच्याकडूनच कळली. कळा गुरुवारी सुरू झाल्या. मतदानाचा दिवस. मंदाताई उमेदवार. त्या शुक्रवारी निकाल लागल्यावर ट्रेन पकडून गेल्या. बाळ तोवर एक दिवसाचं झालं होतं.

"आई आली, हात धुतला, बाळाला घेतला," रोहिणी मला सांगत होती. तिचं मराठी असंच, जवळपास सगळे शब्द एकाच लिंगात. "मी विचारला, हाउ मेनी व्होट्स? तिनं सांगितला. मग मी म्हटला, त्या सगळ्या व्होटर्सपेक्षा मी, वन पर्सन, कमी होता का?"

"मग काय म्हणाल्या?"

"बाळाचा टोपी नीट केला. दॅट्स ऑल."

मी हे मंदाताईंना एकदा विचारलं. "तिचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि पत्रकं दुमडत राहिल्या.

आता त्या निवडणुकीकडे येते, जिच्यामुळे आमच्या मराठी मंडळात दोन तट पडले.

आमच्याकडे डॉक्टर पाटणकर म्हणून आहेत, निवृत्त जीपी, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर. भला माणूस. मंडळातल्या कितीतरी जणांना त्यांनी स्वतःच्या गाडीतून हॉस्पिटलला नेलंय. ते मोठ्या पक्षाचे जुने सभासद, आणि कौन्सिल त्यांच्याच पक्षाकडे. त्या वर्षी कौन्सिलनं आमच्या वॉर्डातलं म्हाताऱ्यांचं डे सेंटर बंद करायचं ठरवलं. बजेट नाही म्हणाले. त्याच वेळी एक नवा पक्ष जोरात आला होता. त्याच्या पत्रकावर मोठ्या अक्षरात होतं की आता फार लोक झाले, आपलं टाउन परत घ्या. 'फार लोक' म्हणजे कोण, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या शेजारणीनं ते पत्रक खिडकीत लावलं, आणि मी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवताना तिच्याकडे बघायचं टाळू लागले.

माघारीच्या मुदतीच्या आदल्या दिवशी डॉक्टर मंदाताईंच्या घरी आले. मी तिथंच होते. मी चहा टाकायला उठले तर म्हणाले, "बस स्मिता, तूही ऐक."

"मंदाताई, या वेळी नाव मागं घ्या. हात जोडून सांगतो. लढत चुरशीची आहे. तुमची मतं आमच्यातूनच जाणार, आणि तो माणूस निवडून येईल. उद्या आपल्या मुलांना रस्त्यात कुणी काही बोललं तर?"

"सेंटर उघडं ठेवा, घेते मागं."

"ते माझ्या हातात आहे का?"

"मग उमेदवाराला विचारा. लावा फोन."

डॉक्टरांनी खरंच तिथंच फोन लावला. उमेदवार म्हणाला, पाहू, निवडून आल्यावर रिव्ह्यू करू. डॉक्टरांनी फोन ठेवला. त्या संध्याकाळी रोहिणीचाही फोन आला. "आई, प्लीज, या टाइमला सोड ना. तो माणूस जिंकला तर?" फोन ठेवल्यावर मंदाताई रेनकोट घालून बाहेर गेल्या आणि बऱ्याच वेळानं परत आल्या.

"कौन्सिलच्या फ्लॅट्सवर जाऊन आले," त्या म्हणाल्या. "तिथल्या म्हाताऱ्यांना मी सांगितलंय, सेंटर उघडं ठेवा म्हणणारं एक तरी नाव कागदावर असेल. ते खोडायचं कसं?" मग माझ्याकडे बघून, "तुला काय वाटतं?"

त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "मला भीती वाटते, ताई."

"मलाही," त्या म्हणाल्या. नाव मागं घेतलं नाही.

नव्या पक्षाचा माणूस निवडून आला. डॉक्टरांच्या पक्षाचा उमेदवार जितक्या मतांनी पडला, त्याहून मंदाताईंची मतं जास्त होती. स्टेजवर आकडे वाचले गेले तेव्हा हॉलमध्ये सगळ्यांनी मनातल्या मनात तेच गणित केलं. मंदाताई खाली उतरल्या, नव्या कौन्सिलरशी हात मिळवला, रेनकोट घातला. त्या शनिवारी त्या भाजीला गेल्या नाहीत. मी दुपारी डबा घेऊन गेले तर पडदे ओढलेले होते.

काही आठवड्यांनी मंडळाचं आमरस-पुरीचं जेवण होतं, चर्चच्या हॉलमध्ये. मंदाताई आल्या. त्यांच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या राहिल्या, मग एकीवर मी बसले. डॉक्टर स्वभावानं टोमणे मारणारे नाहीत, पण त्या दिवशी त्यांना राहवलं नाही. मोठ्यानं म्हणाले, "आपल्यातल्याच काही शहाण्यांनी मतं वाया घालवली. आता भोगा!"

त्यांच्या पत्नी, सुधाताई, पुऱ्या वाढत होत्या. चाळण हातात तशीच धरून त्या म्हणाल्या, "मी दिलं मंदाला."

डॉक्टरांना वाटलं, आमरस. "काय दिलंस?"

"मत. मंगळवारी मी कुठं जाते, कधी विचारलंत? त्या सेंटरात चहा करायला जाते. चार वर्षं झाली."

कुणीतरी घाईघाईनं पुरी मागितली. आणि मंदाताईंना आनंद व्हावा, तर त्या उलट चिडल्या. "सुधा, गुप्त मतदान असतं गं! असं चारचौघांत सांगायचं नसतं!"

त्यावर पहिल्यांदा डॉक्टरच हसले. मग बाकीचे.

पण घरी परतताना ट्रॅममध्ये मंदाताई म्हणाल्या, "डॉक्टर चुकीचं नाही बोलले, स्मिता. मी उभी नसते तर तो आला नसता." मी काहीतरी समजूत घालायला गेले. त्यांनी हातानंच थांबवलं. "समजूत नको. हे माझ्याकडे राहणार, राहू दे. पण ज्यांनी मला मत दिलं, ती मतं त्यांची होती. डॉक्टरांची नव्हती, माझीही नव्हती."

नवा कौन्सिलर दर महिन्याला लायब्ररीत लोकांना भेटायला बसे. पहिल्याच वेळी मंदाताई जाऊन समोर बसल्या. तो छपरं दुरुस्त करणारा माणूस, पन्नाशीचा, तांबूस चेहऱ्याचा. हसत म्हणाला, "तुमच्यामुळेच मी इथं बसलोय, मिसेस धुमाळ."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या, "म्हणून आलेय. आता काम करा." आणि फ्लॅट्समधल्या ओलीचे फोटो टेबलावर मांडले. छपराचा धंदा असल्यानं ओल कुठून येते हे त्याला लगेच कळलं. दोन इमारतींच्या छपराच्या पन्हळी त्यानं कौन्सिलच्या मागं लागून बदलून घेतल्या. बाकी बाबतींत तो जसा होता तसाच राहिला. पुढच्या पत्रकातही 'फार लोक' होतेच.

सेंटर बंद झालं ते झालंच. सुधाताईंनी आणि मंदाताईंनी चर्चचा तोच हॉल मंगळवारी दुपारी मिळवला. तिथं म्हातारी माणसं येतात, चहा घेतात, पत्ते खेळतात. डॉक्टर त्यांना गाडीतून आणतात. सेंटरची सर त्याला नाही. सेंटरात नर्स होती, आंघोळीची सोय होती.

मंदाताई आणखी एकदा उभ्या राहिल्या. मतं आधीच्या निम्मीही पडली नाहीत. लोक एवढ्यात विसरले नव्हते. त्या स्टेजवर उभ्या राहून स्वतःचा आकडा शांतपणे ऐकत होत्या, आणि शनिवारी भाजीला गेल्या.

मग त्या जिन्यात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, चालणं फारसं परत आलं नाही. रोहिणी दर वीकेंडला लंडनहून येऊ लागली. दोघी मोठ्यानं भांडत, मग दोघी एकाच सोफ्यावर झोपून जात. शेवटी मंदाताईंनी स्टॅनमोरला जायचं कबूल केलं. एकच अट घातली. मतदानानंतर.

त्या गुरुवारी रोहिणीनं सुट्टी काढली होती. आमचं मतदान प्रायमरी स्कूलच्या हॉलमध्ये असतं. रोहिणी व्हीलचेअर ढकलत होती, मी बाजूनं चालत होते. मंदाताईंनी ओळखपत्र म्हणून फोटोचा बस पास दाखवला, टेबलावरच्या बाईनं फोटो आणि चेहरा पाहिला, यादीत नावावर रेघ मारली आणि मतपत्रिका दिली. आम्ही बूथकडे वळलो तर त्या म्हणाल्या, "थांब. तिकडे ने."

भिंतीवर मतपत्रिकेची मोठ्या अक्षरातली प्रत लावलेली असते, ज्यांना नीट दिसत नाही त्यांच्यासाठी. रोहिणीनं खुर्ची तिच्यापुढे नेली. मंदाताईंनी चष्मा सारखा केला आणि वरच्या नावाखाली बोट ठेवलं.

"तुझा नाव नाही आई," रोहिणी हळूच म्हणाली. त्या वर्षी त्यांच्या पक्षाला कुणी उमेदवारच मिळाला नव्हता.

"माहीत आहे. ज्यांची आहेत त्यांची वाचते."

त्या एकेक नाव पुटपुटत खाली आल्या. मोठ्या पक्षाचं, नव्या पक्षाचं, सगळ्यांची. मागं दोन-तीन माणसं खोळंबली होती. रोहिणीनं त्यांना हातानं पुढं जायला सांगितलं, पण त्यातला कुणीच गेला नाही. शेवटचं नाव लांबलचक होतं, पोलिश असावं. त्यापुढे पक्षाचं नाव नव्हतं, नुसतंच अपक्ष. मंदाताई अडल्या. टेबलावरच्या बाईकडे वळून त्यांनी इंग्रजीत विचारलं, हे कसं म्हणतात? बाई खजील झाली. म्हणाली, मला नाही माहीत, सकाळपासून कुणी विचारलं नाही.

रांगेतला एक माणूस पुढं झाला आणि त्यानं ते नाव सावकाश म्हणून दाखवलं. मंदाताईंनी त्याच्यामागून म्हटलं. जमलं नाही. परत म्हटलं. तिसऱ्यांदा त्यानं मान डोलावली.

"चल," त्या रोहिणीला म्हणाल्या, आणि पेन्सिल घेऊन बूथमध्ये गेल्या.